कानाजवळून गेलेली गोळी

पुढचे वर्ष कसे जाईल हे जाणून घेण्याची हौस नाही, असा माणूस विरळा. दिवाळी अंक हाती पडला की कथाकवितांची पाने मागे ठेवून आधी राशिभविष्याचे पान उघडणारे वाचक घरोघरी आहेत. 'आमचा काही विश्वास नाही हो,' असे म्हणत घरातल्या सगळ्यांची रास मोठ्याने वाचणारे आणि शेवटी स्वतःची हळूच वाचून घेणारे तर त्याहून अधिक. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरी मुलगी लग्नाची आहे, मुलगा परीक्षेला बसायचा आहे, शेतात भात उभे आहे आणि आकाशात ढग आहेत, त्याने उद्याकडे डोळे लावू नयेत तर काय करावे?

परंतु उद्याकडे पाहण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत, आणि त्या सगळ्या सारख्या नाहीत. त्यांतली कोणती आपल्या उपयोगाची आणि कोणती नुसत्या करमणुकीची, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. त्याविषयी मला आज एका कथेच्या आधाराने थोडे बोलायचे आहे. कथा पुष्कळांनी वाचलेली आहे : डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिचे इंग्रजी रूप 'हॉर्नबिल' या एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आले, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या मुलांनाही गंगाधरपंत ठाऊक झाले. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. खगोलशास्त्रज्ञाच्या गणितावर बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि ते मी बोलणारही नाही. मी मास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. कथेत काय जमले, काय निसटले, आणि जे निसटले त्याने वाचकाच्या मनात कोणती समजूत घर करते, एवढेच पाहण्याचा माझा हक्क आहे.

कथेकडे वळण्यापूर्वी आपल्या घरातल्या पंचांगाकडे पाहू. एकाच पुठ्ठ्यात तेथे दोन निराळे माल बांधलेले असतात. २०२२ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होते. पाच वाजण्याच्या आधी ग्रहण लागेल आणि सूर्य ग्रासलेलाच मावळेल, असे पंचांगांत आधीच छापलेले होते. आणि घडलेही तसेच. त्याच पंचांगात बारा राशींची वर्षफळेही होती. ग्रहणाचा मिनिट चुकला नाही, म्हणून वर्षफळही चुकणार नाही असे आपले मन नकळत म्हणते. एकाने मिळवलेली पत दुसऱ्याने वापरावी, तसा हा प्रकार आहे. आपल्या जुन्या विद्वानांनी मात्र ज्योतिषाचे तीन स्कंध वेगळे ठेवले होते : गणित, संहिता आणि जातक. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षकी पेशातले गृहस्थ. त्यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ग्रहगणिताचा एवढा मोठा इतिहास मराठीत आणून ठेवला. गणिताच्या स्कंधाने कमावलेल्या पुण्याईवर जातकाचा स्कंध आजवर जगत आला आहे.

नारळीकरांनी ही गाठ सोडवून पाहण्याचे ठरवले. २००८ साली पुण्यात त्यांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस कुंडल्या प्रत्येक ज्योतिष्याकडे पाठवल्या आणि कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंदाची, एवढेच विचारले. सत्तावीस जणांची उत्तरे आली. त्यांतली बरोबर निघाली सरासरी शेकडा ४६. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी हेच झाले असते. या चाचणीत मला आवडते ती तिची सभ्यता. त्यांनी कोणाची टर उडवली नाही की कोणाच्या श्रद्धेवर काठी उगारली नाही. तुमचे शास्त्र काय सांगते ते तुम्हीच सांगा, आम्ही फक्त मोजतो, असा तिचा सूर होता.

आता यावरून कोणी असे समजेल की विज्ञान म्हणजे भविष्याला नकार. तसे नाही. भविष्याविषयी सर्वांत मोठी बढाई मारली ती विज्ञानानेच. फ्रान्समधील गणिती लाप्लास याने १८१४ साली लिहिले की, विश्वातील प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची प्रत्येक प्रेरणा एका क्षणी ज्या बुद्धीला ठाऊक असेल, आणि एवढे गणित करण्याची जिची शक्ती असेल, तिला भूत आणि भविष्य दोन्ही हातावरच्या आवळ्यासारखे दिसतील. यालाच नियतत्ववाद म्हणतात : आज जे आहे त्यातून उद्या जे होणार ते ठरलेलेच आहे. आपल्याकडची सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. लाप्लासची सटवाई एकदाच आली आणि सगळ्या विश्वाच्या कपाळी लिहून गेली, एवढाच वरकरणी फरक.

पण हे साम्य वरवरचे आहे, आणि येथेच सावध राहिले पाहिजे. सटवाईचा लेख सांगतो की तुम्ही काहीही करा, होणारे चुकत नाही. लाप्लासचा नियम सांगतो की जे होते ते तुम्ही जे करता त्याच्यासकट होते. तुमचे करणे हाही साखळीतला एक दुवाच. पहिल्याला मी दैववाद म्हणेन. दैववादात प्रयत्न फुकट जातो. नियतत्ववादात तो कारणांपैकी एक कारण असतो. आणखी एक गंमत पाहा. लाप्लासचे हे प्रसिद्ध वाक्य ज्या निबंधात आहे तो निबंध संभाव्यतेवर, म्हणजे 'बहुधा' आणि 'कदाचित' यांच्या गणितावर आहे. ती सर्वज्ञ बुद्धी माणसाला कधीच मिळणार नाही, म्हणून त्याने अंदाजाचे शास्त्र शिकावे, असाच त्याचा रोख होता. बढाई सर्वांच्या लक्षात राहिली, पुढचा नम्रपणा विसरला गेला.

आता गंगाधरपंत. हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. सभांचे अध्यक्षपद भूषवण्याचा त्यांचा विक्रम हजाराच्या घरात गेलेला. पानिपतावरील व्याख्यानासाठी त्यांची तयारी चाललेली असताना त्यांना अपघात होतो, आणि ते एका निराळ्याच जगात जाऊन पडतात. ते आगगाडीने मुंबईला येतात तो तेथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य अजून चालू! टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते इतिहासाची पाने मागे मागे चाळत जातात आणि ज्या ठिकाणी दोन जगांची वाट फुटली ती जागा त्यांना सापडते : १७६१, पानिपत. आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली. त्या जगात ती तीळभर अंतराने कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले, कंपनीचे पाय किनाऱ्यावरच अडकले, आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या अंगाने वाढला. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत रिकामी खुर्ची पाहून गंगाधरपंतांना राहवत नाही, ते व्यासपीठावर चढतात, लोक त्यांना पिटाळतात, आणि ते परत आपल्या जगात येतात. खिशात मात्र त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान उरलेले असते.

या कथेचे पहिले यश तिच्या विषयात आहे. पानिपत ही मराठी मनाची दुखरी जागा. ते आपल्या बोलण्यात भिनले आहे. कोणाचा धुव्वा उडाला की त्याचे 'पानिपत झाले', आणि कोणी भरवसा मागितला की 'विश्वास तर पानिपतात गेला'. अडीचशे वर्षे आपण मनातल्या मनात म्हणत आलो : ती गोळी लागली नसती तर! या 'तर'ला नारळीकरांनी घर बांधून दिले. दुसरे यश विनोदाचे. एवढा मोठा विषय हाताळताना लेखकाने नायक कोणी शूर सरदार केला नाही. सभेच्या खुर्चीचा मोह न आवरणारा एक प्राध्यापक केला. इतिहास बदललेला पाहूनही या माणसाचा स्वभाव बदलत नाही. रिकामी खुर्ची दिसली की तो चढणारच! विश्वात सर्व काही अनिश्चित असेल, गंगाधरपंत मात्र अगदी निश्चित आहेत. वैज्ञानिक कथाकाराने केलेली ही थट्टा मला फार मार्मिक वाटते. तिसरे यश त्या फाटक्या पानाचे. सगळे स्वप्न होते असे म्हणून कथा संपवणे सोपे होते. एका पानामुळे ती सोपी पळवाट बंद होते आणि शंका वाचकाच्या पदरात पडते.

उणीव आहे ती स्पष्टीकरणात. परत आल्यावर गंगाधरपंतांना राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र दोन गोष्टी समजावून देतात. एक म्हणजे परिस्थितीत थोडा थोडा फरक होता होता एकाएकी मोठी उलथापालथ कशी होते, याचा सिद्धांत. रने थॉम या फ्रेंच गणितीच्या १९७२ च्या ग्रंथामुळे तो गाजला. दुसरी गोष्ट अणूच्या पोटातली. बंदुकीची गोळी कोठल्या दिशेने, किती वेगाने सुटली हे कळले तर ती पुढे कोठे असेल ते सांगता येते. इलेक्ट्रॉनचे तसे सांगता येत नाही, तो येथेही असू शकतो, तेथेही. तेव्हा जगेही एकाहून अधिक असू शकतील, असे ते सुचवतात.

येथे वाचक म्हणून माझी अडचण होते. विश्वासरावांना इलेक्ट्रॉन लागला नाही, गोळीच लागली! आणि राजेंद्रांच्याच म्हणण्याप्रमाणे गोळी बिचारी नियमाने चालणारी. अणूतला लहरीपणा गोळीएवढ्या वस्तूत जवळजवळ पुसला जातो. मग ती तीळभर का हुकली? याचे उत्तर शोधायला इलेक्ट्रॉनापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. घोड्याने मान हलवली, दारू किंचित ओली होती, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ गेली, एवढे पुरे होते. फ्रेंच गणिती पॉइनकारे याने १९०८ साली हेच लिहिले : आरंभीचा नजरेत न भरणारा फरक शेवटी एवढा मोठा होतो की भाकीत करणेच अशक्य होते, आणि त्याला आपण 'योगायोग' असे नाव देतो. पुढे १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर खेळ मांडून बसला होता. एक हिशेब पुन्हा करताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. थोड्याच अवधीत दोन हिशेबांतली हवामाने एकमेकांना ओळख दाखवीनाशी झाली. नियम तेच, यंत्र तेच, कोठेही लहर नाही की दैव नाही; आणि तरीही पुढचे सांगता येत नाही. ज्या ग्रहगणिताचा आपल्याला एवढा भरवसा, तेही काही कोटी वर्षांपलीकडे असेच धुरकट होते, असे अलीकडचे गणित सांगते.

लेखकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. गंगाधरपंतांना पलीकडच्या जगात नेऊन परत आणायचे तर दोन जगे एकाच वेळी उभी हवीत. लोरेन्झच्या गणितात जग एकच असते, फक्त ते आपल्याला आधी वाचता येत नाही. दुसरे जग हवे असेल तर अणूच्या दारातूनच जावे लागते. तेव्हा इलेक्ट्रॉन आला तो कथेच्या गरजेपोटी. कथाकाराची ही निकड मला समजते. आम्हीही कादंबरीत पात्राला गावाबाहेर न्यायचे असले की कोणा मावशीला आजारी पाडतो! परंतु वाचकाच्या मनात जी समजूत उरते ती अशी की, भविष्य सांगता येत नाही याचे कारण विश्व मुळातच लहरी आहे. ते तसे असो वा नसो, विश्वासरावांच्या गोळीपुरते त्याचे कारण नाही. 'ठरलेले असणे' आणि 'सांगता येणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही या विषयातली मोठी शिकवण. नेमकी तीच कथेत झाकली जाते.

माझा दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. कथा सगळा भार एका गोळीवर टाकते. परंतु एका तरुणाला गोळी लागली आणि एवढी मोठी फौज फुटली, हे कशामुळे? पानिपतच्या छावणीत मराठे दोन महिन्यांहून अधिक काळ अडकले होते. रसद तुटलेली, माणसे आणि जनावरे उपाशी, लढणाऱ्यांबरोबर न लढणारांचे प्रचंड लटांबर. १४ जानेवारी १७६१ ला ते बाहेर पडले ते उपासमारीला कंटाळून. अब्दालीच्या हाती ताजी राखीव फौज होती. अशा फौजेत विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि अंबारी रिकामी दिसताच धीर सुटला. पोटभर जेवलेली, पाठीशी रसद असलेली फौज रिकामी अंबारी पाहून कदाचित थबकली असती. फुटली असतीच असे नाही. गोळी कोणाला कधी लागेल हे कोणाही ज्योतिष्याला वा शास्त्रज्ञाला सांगता आले नसते. पण ही फौज आता एका धक्क्यावर आली आहे, हे मात्र छावणीतल्या कोणत्याही बाजारबुणग्याला सांगता आले असते. राजेंद्र देशपांडे ज्या उलथापालथीच्या सिद्धांताचा उल्लेख करतात त्याचा खरा अर्थ हाच : आधी ताण हळूहळू साचतो, मग एक क्षुल्लक निमित्त पुरते. कथेने निमित्ताला नायक केले आणि साचलेल्या ताणाला ग्रंथालयात ठेवून दिले.

या मुद्द्यावर मी एवढा अडून का बसलो, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुस्तकात नाही, आमच्या गावाच्या उशाशी आहे. मी चौकचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीकडे जाताना डाव्या हाताला एक सुळका दिसतो, त्याच्या पोटात आरपार नेढे आहे. तो इर्शाळगड. त्याच्या कुशीत ठाकरांची एक वाडी होती, इर्शाळवाडी. वस्ती २२८ माणसांची. वर जायला पायवाट तेवढी. २०२३ च्या जुलैत १७ ते १९ या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस पडला. १९ तारखेला रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा डोंगर खाली आला. माणसे निजलेली होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. यंत्रे वर नेता येईनात, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. कुदळ-फावड्याने जेवढे उकरता आले तेवढे जवानांनी आणि गावकऱ्यांनी उकरले. वाडीतली काही मुले त्या वेळी घरात नव्हती, शाळेच्या खोलीत बसली होती, म्हणून वाचली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. गोळी त्यांच्या कानाजवळून गेली.

योगायोग असा की नारळीकरांचा जन्म १९ जुलैचा, सन १९३८. त्याच तारखेला त्यांना ८५ वर्षे पूर्ण झाली होती. कोणी हौशी माणूस यातूनही काही अर्थ काढील. अर्थ काही नाही. वर्षाला दिवस ३६५ आणि माणसांना होणाऱ्या गोष्टी अगणित, तारखा जुळायच्याच. परंतु आपले मन अशा जुळणीवर किती पटकन झडप घालते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या रात्रीनंतर गावोगाव दोनच वाक्ये ऐकू येत होती. एक, 'त्यांच्या नशिबातच होते.' दुसरे, 'असे होईल हे कोणाला माहीत होते?' पहिले वाक्य दैववादाचे, दुसरे अनिश्चिततेचे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही दोन एकमेकांच्या उलट टोकांना उभी आहेत. व्यवहारात मात्र दोघांचे काम एकच : कोणालाही काही विचारू न देणे. दुःखात बुडालेल्या माणसाने पहिले वाक्य म्हटले तर त्याला बोल लावणार नाही. तो त्याचा आधार आहे. पण ज्यांचे कोणी गेले नाही त्यांनी यांतले कोणतेही वाक्य म्हणण्यापूर्वी थांबले पाहिजे.

कारण 'कोणाला माहीत होते' याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. कोणता दगड, कोणत्या रात्री, किती वाजता सुटेल, हे खरोखरच कोणाला माहीत नव्हते. ते लोरेन्झलाही सांगता आले नसते. परंतु सह्याद्रीच्या उतारावर मुरूम आणि मातीचा थर पाण्याने तुडुंब भरला, की तो जड होतो, त्याची खालच्या कातळावरची पकड सुटते आणि तो घसरतो, हे माहीत होते. २००५ साली महाडकडे जुई आणि दासगाव येथे ते घडले. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावात घडले, १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावी घडले, ऐंशीहून अधिक गेली. साऱ्या दरडी पावसाळ्यातल्या आणि बहुतेक जुलैच्या उत्तरार्धातल्या. ज्याला पंचांग म्हणावे ते हेच! इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींच्या शक्यतेचे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणावर केले आहेत. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर होतो. अशा नकाशावर डोंगराच्या कुशीतली वाडी तिळाएवढी. पानिपतावर तीळभर अंतराने एक राजपुत्र वाचू शकला असता. येथे नकाशातला तीळ कोणाच्या नजरेस पडला नाही.

वाडीला रस्ता नव्हता, हे काही ग्रहमानामुळे नव्हते. उतारावर राहणाऱ्याला खाली सपाटीवर जागा मिळाली नाही, हेही कोणत्या इलेक्ट्रॉनाच्या लहरीमुळे नव्हते. या गोष्टी हळूहळू साचलेल्या होत्या. पानिपतच्या छावणीतली भूक म्हणतो ती हीच. पुढे चौकजवळ सिडकोने वाचलेल्यांसाठी पक्की घरे बांधली, हे चांगलेच झाले. ती घरे १८ जुलैला उभी असती तर, हा 'तर' मात्र कोणत्याही कथेत न मावणारा आहे.

आणि म्हणूनच मला नारळीकरांची दुसरी एक कथा 'पानिपता'पेक्षा मोलाची वाटते : 'धूमकेतू'. तिच्यात एका हौशी बंगाली आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. शास्त्रज्ञ गणित मांडतात, तो हा पाहुणा पृथ्वीवरच येऊन आदळणार! मग ते यान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे निरीक्षकाच्या घरी शांतीचा यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला जाते. वाचक सहसा विज्ञान आणि अंधश्रद्धा यांच्या या टकरीकडे पाहून कथा मिटतात. मला तिच्यात अधिक खोल काही दिसते. आपल्या पुराणांतली भाकिते आठवून पाहा. कंसाला आकाशवाणी झाली. ती खोटी पाडण्यासाठी त्याने जे जे केले ते ते तिला खरे करीत गेले. परीक्षिताला शाप कळला, त्याने कडेकोट बंदोबस्त केला, आणि तक्षक फळातली अळी होऊन आत आला. भाकीत कळूनही काही उपयोग नाही, असे त्या कथांचे सांगणे. 'धूमकेतू'त भाकीत अचूक आहे आणि अचूक आहे म्हणूनच ते खोटे पाडता येते. गणित 'होणारच' असे म्हणत नाही. 'काही केले नाही तर होईल' असे म्हणते. हा 'जर-तर' हेच शास्त्राच्या भविष्याचे खरे रूप आहे.

येथे एक अन्यायही लपलेला आहे. जे भाकीत ऐकून माणसे सावध झाली आणि संकट टळले, ते भाकीत लोकांच्या लेखी फसलेले ठरते. हवामान खात्याने लाल इशारा दिला, शाळा बंद ठेवल्या आणि पाऊस चार मैलांवर पडला, तर आपण खात्याची टिंगल करतो. एखाद्या उतारावरची घरे हलवली आणि दहा वर्षे दरड आली नाही, तर हलवणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. ज्योतिष्याची दहांतली चार उत्तरे बरोबर आली तर आपण ती चार लक्षात ठेवतो. शास्त्रज्ञाच्या दहांतली दोन चुकली तर ती दोन. हा आपला पक्षपात जाईपर्यंत इशारा देणाऱ्याला हिंमत यायची नाही आणि ऐकणाऱ्याचे पाऊल उचलायचे नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांनी मराठीला वैज्ञानिक कथा दिली असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. पण त्यांच्या कथांचा वाचक म्हणून त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट यानांची आणि धूमकेतूंची नाही. ती आहे विचारण्याची सवय. भविष्य सांगणारा कोणीही असो, त्याला तीन प्रश्न विचारावेत : हे तू कशावरून सांगतोस, हे चुकले तर कसे कळेल, आणि हे टाळायचे असेल तर मी काय करू? राशीचे पान पहिल्या दोन प्रश्नांना गप्प बसते आणि तिसऱ्याला एखादा खडा सुचवते. शास्त्र पहिल्या दोहोंना उत्तर देते. तिसऱ्याचे उत्तर देता देता ते आपल्याकडे, आपल्या ग्रामसभेकडे, आपल्या कचेऱ्यांकडे बोट दाखवते. ते आपल्याला अवघड वाटते, म्हणून आपण पान उलटतो.

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून आपापली रास खुशाल वाचा. चार घटका करमणूक होते, घरात हसणे होते, दिवाळीत तेही हवेच. फक्त तुमचे घर, तुमचे आजोळ, तुमच्या मोलकरणीचे वा गड्याचे घर एखाद्या उताराखाली असेल, तर वर्षफळ मिटल्यावर आणखी एक यादी पाहून घ्या. त्या यादीत त्या वाडीचे नाव आहे की नाही, ते विचारा. नसेल तर का नाही, तेही विचारा. आणि विचारायचे ते पाऊस सुरू होण्याच्या आधी.